अठरा प्रश्नचिन्हांची दिवाळी

लिनक्सचं कर्नल फाइलच्या नावाबाबत भलतंच उदार आहे. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडला तर त्याला काहीही चालतं. मराठी, तमिळ, जपानी. अडवणूक होते ती पुढे, टर्मिनलच्या पडद्यावर. सर्व्हरचं लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, ‘सी’ असलं की ‘एलएस -क्यूएन’ हा हुकूम ‘दिवाळी’ या फाइलची १८ प्रश्नचिन्हं करतो. नावात चिन्हं सहा, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. मागचं ‘डॉट टीएक्सटी’ तेवढं शाबूत, कारण ते रोमन.

आता गंमत अशी की ‘भाऊबीज’चेही बाइट १८च. पडद्यावर हुबेहूब दोन जुळ्या ओळी. कुणी भाबडेपणानं दिसतं तेच टाइप करून त्याआधी ‘आरएम’ हा पुसून टाकण्याचा हुकूम लावला, तर शेलच्या लेखी प्रश्नचिन्ह म्हणजे ‘इथं काहीही चालेल’. दिवाळी आणि भाऊबीज एकाच फटक्यात साजरी.

यूटीएफ-८ची आखणी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये केली, तीही न्यू जर्सीतल्या एका खानावळीत. सर्व्हरचं लोकेल यूटीएफ-८वर न्यायला एक ओळ पुरते. पण लिनक्सच्या बिनखिडक्यांच्या कन्सोलवर फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. त्यात जोडाक्षरं कुठली बसायला? पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, हे तर त्याच्या गावीही नाही.

यावर जाणकारांचा तोडगा तयार असतो: नावं रोमनमध्ये द्या. आणि हो, मध्ये स्पेसही नको, तीही त्रास देते.