मांजरांचे बाबा निघाले जर्मनीला

मांजरांचे बाबा पुण्यात कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत कुठेही आढळतात. वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी आयटीतली, घरात दोन मांजरं. पर्शियन वगैरे नव्हेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बॉनेटखाली सापडलेली. किंमत शून्य. हे शून्य लक्षात ठेवा.

अशा बाबांना म्युनिकची नोकरी लागते. पगाराचं बोलायच्या आधी ते एचआरच्या बाईंना कळवतात, "माझ्यासोबत दोघं आहेत." बाई शाळांची यादी पाठवतात.

शेजारचे काका जिन्यात भेटले की विचारतात, "काय, व्हिसा झाला का?"

"माझा झाला हो. गुंड्याचं टायटर यायचंय."

मग काकांची सुटका नाही. आधी १५ आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त. ते युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं, म्हणजेच ते टायटर, मिलिलिटरला किमान ०.५ आययू भरलं पाहिजे. आणि भरलं तरी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, कारण यातून सूट असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. एवढं ऐकेपर्यंत काकांच्या हातातली दुधाची पिशवी कोमट झालेली असते.

थोडक्यात, हजर व्हायला चार महिने उशीर. कंपनीला 'कौटुंबिक कारण' कळवलं जातं. शुभकार्याला मांजर आडवं जातं ते असं.

एरवी बाबा पैशाला चिकट. कोथिंबिरीची जुडी महाग वाटली तर पुढच्या गाडीवर जातात. मांजरांच्या खर्चाची त्यांनी एक्सेल शीट केली आहे. तिच्यात चिप, लस, रक्ताचं कुरिअर, मुंबईच्या क्वारंटाइन कार्यालयाची एनओसी, एजंटची फी, विमानाचं भाडं असे सगळे रकाने आहेत. बेरीज तेवढी नाही. ती एकदा बायकोने केली. नवराबायकोच्या तिकिटांपेक्षा आकडा मोठा निघाला, तोही मूळ शून्य किमतीच्या मालावर. बाबा जराही न डगमगता म्हणाले, "पण जर्मनीत कुत्र्यावर कर असतो, मांजरावर नसतो!"

मग वजनाचा घोळ. केबिनमधून न्यायचं तर बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट ८ किलो. चिंगी आरामात बसते. गुंड्या एकटाच सात भरतो. तो काट्यावर काही उभा राहत नाही, म्हणून बाबा त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढतात आणि मग स्वतःचं वजन वजा करतात. गुंड्याचं डाएट सुरू झाल्यापासून बाबा दोन किलोंनी उतरले. गुंड्या आहे तिथेच आहे.

सवय व्हावी म्हणून महागाची पिशवी हॉलच्या मधोमध उघडी ठेवली आहे, आत सुकट. मांजरं सुकट बाहेर ओढून खातात आणि पिशवी ज्या खोक्यातून आली, त्या खोक्यात जाऊन झोपतात.

कराडहून आईचा फोन येतो. "अरे, आपला बोका पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडला होता. फुकटात परत आला की नाही?"

सोसायटीत सगळेच बाबांना हसतात, मीही हसतो. पण बदली झाली की मांजर पार्किंगमध्ये सोडून जाणारेही याच सोसायटीत राहून गेले. त्यांना शीट करावी लागली नाही. दोघांतून शेजारी निवडायचा झाला तर मी बाबांनाच निवडीन, टायटरचं व्याख्यान गृहीत धरून.

तुम्हीही मांजरांसकट युरोपला निघणार असाल तर एक ध्यानात ठेवा. आधी चिप, मग लस. चिपेआधी टोचलेली लस तिकडे धरत नाहीत. सगळं पहिल्यापासून करावं लागतं, खर्चासकट.