नक्की आकडा मागणाऱ्यांनो, बोरीला चला

‘नक्की किती ते सांगा, घोळ नको,’ असं म्हणणाऱ्यांना एकदा जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला, कुकडीच्या काठावर नेऊन उभं करायला हवं. तिथल्या गाळाच्या थरांत राख आहे. चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ. भिंगाखाली धरली तर काचेचे धारदार तुकडे. सह्याद्रीचा तिच्याशी काही संबंध नाही, ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही इथेच सापडल्या, म्हणून तर राखेच्या वयाला एवढं मोल.

वय किती? १९८९ मध्ये उत्तर आलं, सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीनं आलं ६ लाख ७० हजार. काचेची रासायनिक घडण पाहून काही जण म्हणाले, ही तोबाच्या शेवटच्या महास्फोटाची राख, म्हणजे जेमतेम ७५ हजार!

अशा वयाच्या आकड्याला अधिक-उणे जोडलेलं असतंच, म्हणजे वय एक आकडा नसून पट्टा असतो. तरी १४ लाखांचा पट्टा पावणेसात लाखांच्या पट्ट्याला शिवतसुद्धा नाही. कारण ते अधिक-उणे मोजणीपुरतं. नमुन्यात सह्याद्रीच्या साडेसहा कोटी वर्षं जुन्या काळ्या पाषाणाचे चार कण मिसळले तर वय फुगतं, आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. नदीनं जुनी राख उचलून नव्या गाळात नेऊन टाकली तर राखेचं वय बरोबर येऊनही कुऱ्हाडीचं चुकतं. म्हणून पट्टा सांगणाऱ्यालाही विचारायचं: यात कोणकोणत्या शंका धरल्यात, कोणत्या सोडल्यात?

पावसाचंही तेच. २०२३ मध्ये हवामान खात्याचा अंदाज होता सरासरीच्या ९६ टक्के, पाच टक्के अधिक-उणे. पडला ९४. पट्ट्याच्या आत! पण हा पट्टा अख्ख्या देशाचा. नारायणगावच्या टोमॅटोवाल्यानं त्यावर लागवड ठरवली आणि रान कोरडं राहिलं, तर खातं खोटं ठरत नाही आणि शेतकरीही मूर्ख ठरत नाही. त्याच्यापर्यंत अर्धाच अंदाज पोचलेला असतो.

तेव्हा बातमी देणाऱ्यांनो, येत्या एप्रिलमध्ये पावसाचा अंदाज आला की आकड्याशेजारचं अधिक-उणे गाळू नका. आणि अंदाज देशाचा आहे, तालुक्याचा नाही, हे मथळ्यातच छापा.