आजची भरती किती वाजता?

मुलुंडच्या माणसाला आयुष्यात एकच वेळापत्रक पाठ असतं, ते लोकलचं. माझी 8.12ची. ती कधी 8.15ला येते, कधी 8.19ला, पण मी मनानं 8.12लाच चढलेला असतो. अशा माणसानं समुद्राच्या वेळापत्रकाच्या वाटेला जाऊ नये. मी गेलो, त्याला कारण आमच्या ऑफिसमधला एक पक्षीवेडा.

हा गृहस्थ दर सोमवारी डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडतो. एकदा त्यात रोहित पक्षी होता, म्हणजे आपला फ्लेमिंगो. इतका लख्ख, की त्याच्या डोळ्यात फोटो काढणारा दिसावा.

"कच्छला गेला होतास?"

"कच्छ कसलं? भांडुप पंपिंग!"

भांडुप! माझ्या घरापासून दुसरं स्टेशन. तिथे रोहित उतरतात आणि मला पंचवीस वर्षांत तिथे फक्त चढणारी माणसं दिसली होती.

मग लेन्स आली. 150 ते 600 मिलिमीटरची. खोकं बघून हिनं विचारलं, "नवीन कुकर?" मी किंमत निम्मी करून सांगितली. तरीही ही काही न बोलता बाथरूमच्या उखडलेल्या फरशीकडे जाऊन बघून आली.

नव्या पक्षीमित्राला पक्षी दिसायच्या आधी माहिती होते. मी ती शेजारच्या काकांना देऊ लागलो. "काका, आपली ठाण्याची खाडी 2015पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. सुमारे 1,690 हेक्टर. आणि 2022 साली ती रामसर झाली."

"राम सर? दहावीचे क्लास घेतात ते?"

"नाही हो, रामसर इराणमध्ये आहे. 1971 साली तिथे..."

"इराणचे? आणि मराठी माध्यमाला शिकवतात?" काकांना सरांचं कौतुकच वाटलं. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचं नाव आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

पहिल्या मोहिमेला मी एका रविवारी पहाटे निघालो. भांडुपला उतरून रिक्षा केली. "पंपिंगला? आज रविवार साहेब, ऑफिस बंद असेल," रिक्षावाला म्हणाला. पक्षी बघायला चाललोय, असं सांगितल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे, मग लेन्सच्या बॅगेकडे पाहिलं. "आमच्या पत्र्यावर रोज येतात. फुकट."

पंपिंग म्हणजे सांडपाण्याचं पंपिंग, हे तिथे नाकाला आधी कळतं. नाकाची समजूत घालून पुढे गेलो, तर तिवरांच्या कडेनं लष्कर तैनात असल्यासारखं दृश्य. सगळे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या कपड्यांत. पक्ष्यांना दिसू नये म्हणून हा पेहराव, मात्र दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी फोन वाजायचा आणि झुडपातून आवाज यायचा, "हां बोल, मी लपलोय!" एकानं मला विचारलं, "काही लायफर मिळाला का?" मला वाटलं लायटर मागतोय. मी सिगारेट ओढत नाही असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या जातीला हे लोक 'लायफर' म्हणतात. त्या दिवशी माझे सगळेच लायफर होते, फक्त ते काय आहेत हे मला कळत नव्हतं.

आणि रोहित? खाडी गायब होती. होता तो चिखल, ऐरोलीपर्यंत पसरलेला. पार पलीकडे, चिखलावर बडीशेप सांडावी तसे गुलाबी ठिपके. मी त्या बडीशेपेचे दोनशे फोटो काढले. जवळच तारेवर एक खंड्या बसला होता. मी फोकस केला की तो उडे, मी लेन्स खाली घेतली की परत येई. माझ्याकडे त्या तारेचे सदतीस अप्रतिम फोटो आहेत.

परतताना मी सालीम अलींना आठवून धीर धरला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी पिवळ्या गळ्याची एक चिमणी पाडली, ती कुठली हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले आणि त्यातून देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. म्हणजे सुरुवात त्यांनीही 'शूट' करूनच केली होती. फरक इतकाच, की त्यांचा नेम लागला होता.

घरी ही कालनिर्णयसमोर उभी होती. दुधाचा हिशोब मांडता मांडता म्हणाली, "काल पौर्णिमा झाली. प्रतिपदेला सकाळी सातला खाडीवर कोण जातं? सुकतीच मिळणार."

ही गुहागरची. तिकडे ओहोटीला सुकती म्हणतात आणि भरतीचं गणित पोरांना पाढ्यांबरोबर येतं: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट, सहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, ती या हिशोबात बसते. मी तीन ॲप घेतली होती. ही पिठाच्या हातानं भिंतीवरचा कागद बघत होती.

"याच पंधरवड्यात शनिवारी चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर धरा. आपण साडेआठला पोचू. पाणी वर येईल तसा चिखल बुडेल, पक्षी काठाकडे सरकतील. आणि मी येणार आहे."

ती आली. हातात कॅमेरा नाही, दुर्बीण नाही; थालीपिठं आणि लोण्याचा डबा. वाटेनं चालता चालताच सुरू झाली. "अहो, तो शेकाट्या. बघा, पाय कसे लाल काड्यांसारखे. ती तुतवार, शेपटी खालीवर करतेय ती. आणि चोच वर वळलेले ते उचाट्ये." मी प्रत्येक वेळी कॅमेरा डोळ्याला लावायचो आणि विचारायचो, "कुठे?" लेन्समधून मला नेहमी शेजारचं तिवर दिसायचं. लपलेल्या लष्करातले दोघे-तिघे हळूहळू हिच्या मागून चालू लागले. एकानं तर "ताई, हा कोण?" म्हणून वही काढली.

पाणी चढू लागलं. बडीशेपेचे दाणे मोठे झाले, त्यांना पाय फुटले, माना फुटल्या. मी धडाधड बटण दाबलं. फोटो बघितले, तर एकाही पक्ष्याला डोकं नाही! रोहित डोकं उलटं पाण्यात घालून, चोचीच्या गाळणीतून शेवाळ गाळून खातो. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानंच तो गुलाबी होतो; पिल्लू असतं राखाडी. आणि या खाडीतलं शेवाळ उपनगरांतून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे समोरच्या त्या राजस गुलाबीत मुलुंड-घाटकोपरच्या हजारो न्हाणीघरांचा वाटा होता. आमच्या उखडलेल्या फरशीचाही. हे मी हिला मोठ्या अभिमानानं सांगितलं. "म्हणजे फरशी राहू द्यायची, असं ना?" ती म्हणाली आणि माझ्या हातात लोणी घातलेलं थालीपीठ ठेवलं.

नेमकं तेव्हाच त्यांनी डोकी वर काढली. काठापासून हाकेच्या अंतरावर, शंभरेक रोहित, एकदम. मग मागचा थवा उडाला आणि पंखांखालचा लाल-काळा पट्टा आमच्या डोक्यावरून गेला. माझे दोन्ही हात लोण्यानं माखलेले. त्या लेन्सला लोणी लावायची माझी छाती नव्हती. निम्मी किंमत खोटी होती, पुरी मला माहीत होती. मी थालीपीठ धरून आ वासून बघत राहिलो.

सोमवारी पक्षीवेड्यानं विचारलं, "फोटो?"

"नाही. हातात थालीपीठ होतं."

"मग दिसला नाही," असा निकाल देऊन त्यानं डबा उघडला.

माझ्याकडे पुरावा आहे. कालनिर्णयावर त्या शनिवारच्या चौकटीत हिच्या बारीक अक्षरात लिहिलंय: दूध दीड लिटर. इस्त्री 14. उचाट्ये 9. ह्यांना रोहित दिसला.