शेजारचा गल्ला

महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला आणि लोणच्याच्या बरणीसारखा फडताळात ठेवला. मुरायला. ४७ वर्षे मुरला. २०२३ मध्ये न चाखताच रद्द. गोव्यातला कायदाही १९७६ चाच, तोही जुगारबंदीचा! पण दुरुस्त्यांच्या भोकातून त्यात अख्ख्या बोटी शिरल्या आणि मांडवीत नांगरल्या. २०२० पासून गोवेकरांना तिथे खेळायला मनाई. म्हणजे घरची पोरं सांभाळायची आणि पाहुण्यांचे खिसे तपासायचे. पाहुण्यांत आमची पुण्या-कोल्हापूरची मंडळी आहेतच. त्याच खिशांवर आता गंगटोक, काठमांडू, कोलंबोचाही डोळा. आमची नैतिकता मात्र शाबूत आहे. पेट्रोलसुद्धा मंडळी सीमेपलीकडेच भरतात, स्वस्त पडतं म्हणून.