रूटकाका

रूटकाकांचं खरं नाव सोसायटीत आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. लिनक्सच्या सर्व्हरवर ज्या वापरकर्त्याला सगळे अधिकार असतात, ज्याला कशासाठीही कुणाला विचारावं लागत नाही, त्याला ‘रूट’ म्हणतात. बँकेच्या संगणक विभागात उभी हयात प्रत्येक बारक्या बदलासाठी साहेबांच्या सह्या गोळा केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हे पद फारच भावलं. घरात ते रिकामं नव्हतं. म्हणून काकांनी ते भाड्याने घेतलं. महिना पाच डॉलर.

भाड्याने घेतलं ते व्हीपीएस. कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये एक दांडगं यंत्र असतं, सॉफ्टवेअरने त्याचे तुकडे पाडलेले असतात, त्यातला एक तुकडा तुमचा. ‘मॅनेज्ड’ घेतलात तर त्याची देखभाल कंपनीची माणसं करतात आणि त्याचे पैसे चोख लावतात. ‘अनमॅनेज्ड’ घेतलात तर वीज, यंत्र आणि नेटवर्क एवढंच कंपनीचं. अपडेट, सुरक्षा, बॅकअप आणि रात्री दोनचा गोंधळ तुमचा. काकांनी हे सगळं काकूंना कौतुकाने समजावलं. काकूंनी भाजी निवडता निवडता एकच विचारलं, “बंद पडला तर फोन कुणाला करायचा?”

“मला,” काका म्हणाले. निवृत्तीच्या समारंभात शाल घेतानासुद्धा त्यांची छाती एवढी फुगली नव्हती.

या सर्व्हरवर आहे काय? सोसायटीच्या टँकरचा हिशेब, एका ट्रेकिंग ग्रुपचे फोटो आणि एका हौशी नाट्यसंस्थेची वेबसाइट, जिचा शेवटचा प्रयोग करोनाच्या आधी झाला. दिवसाला पंचवीस-तीस माणसं येत असतील, त्यांत गुगलचा बॉट धरला तर. एवढ्यासाठी काकांकडे जगभरातल्या होस्टिंग कंपन्यांचं एक एक्सेल आहे, आणि ते उघडायला सर्व्हरपेक्षा जास्त रॅम लागते.

एक्सेलमधला रॅमचा रकाना काका स्वतः बघत नाहीत. “कागदावर रॅम कितीही लिहिता येते,” हे त्यांचं लाडकं वाक्य. ते आधी विचारतात, आभासीकरण, म्हणजे तुकडे पाडायची पद्धत, कुठली? ओपनव्हीझेड असेल तर पान बंद, कारण तिथे सगळ्या भाडेकरूंचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एकच असतो आणि एकाच यंत्रात भरमसाट गिऱ्हाइकं कोंबणं फार सोपं जातं. केव्हीएम असेल तर पुढे बोलू. हे केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे आणि त्यात प्रत्येकाचा कर्नल वेगळा. अर्थात कोंबणारा केव्हीएमवरही कोंबतोच. ते ओळखायची खूण म्हणजे ‘टॉप’ ही आज्ञा दिल्यावर प्रोसेसरच्या ओळीत अगदी शेवटी येणारा ‘एसटी’ हा आकडा. तुमच्या हक्काचा किती टक्के वेळ शेजाऱ्यांनी खाल्ला, ते तो सांगतो. काकांच्या मते त्याला याहून योग्य नाव मिळालंच नसतं: पन्नास सीटच्या गाडीची नव्वद तिकिटं फाडली की दारात लोंबकळायचं कुणीतरी. नवा सर्व्हर मिळाला की ते पहिला आठवडा त्यावर काहीही चढवत नाहीत. नुसते रात्री नऊ ते अकरा, म्हणजे सगळे शेजारी जागे असताना, या आकड्याकडे बघत बसतात. शून्यावर राहिला तर कंपनी खानदानी. दहाच्या वर गेला की पैसे परत मागायचे. म्हणूनच पहिल्या महिन्याला वर्षाचं भाडं एकदम भरायचं नाही, मग सूट कितीही असो, हा त्यांचा कायदा.

हा कायदा त्यांनी स्वतः दर नोव्हेंबरात मोडला आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार सुरू झाला की वर्षाला दहा-पंधरा डॉलरवाले सर्व्हर निघतात. आपल्याकडे तोवर दुपार झालेली असते आणि काकांचं जेवण ताटात निवलेलं असतं. अशा स्वस्त कंपन्यांमधल्या काही म्हणजे शाळा-कॉलेजच्या सुट्टीत एखाद्या पोराने काढलेलं दुकान असतं, आणि धंद्यातले लोक त्यांना ‘समर होस्ट’च म्हणतात. दुसऱ्याकडून यंत्र भाड्याने घ्यायचं, तुकडे पाडून विकायचं, आणि सुट्टी संपली की गाशा गुंडाळायचा. काकांना अशाच एका कंपनीचं पत्र आलं होतं: तीन दिवसांत आपला डेटा हलवावा, आजवरच्या विश्वासाबद्दल आभार. तेव्हापासून एक्सेलमध्ये ‘कंपनीचं वय’ आणि ‘यंत्रं स्वतःची की भाड्याची’ असे दोन रकाने आले.

वयाच्या बाबतीत काका सोयरीक जुळवायला बसल्याच्या गांभीर्याने बोलतात. जर्मनीतली हेट्झनर १९९७ ची, फ्रान्सची ओव्हीएच १९९९ ची, लिनोड २००३ ची. लिनोड २०२२ साली अकामाईने नव्वद कोटी डॉलरला घेतली, तेव्हा काकांना आपल्या घरातून कुणीतरी सासरी गेल्यासारखं झालं. त्याच वर्षी डिजिटलओशनने पाच डॉलरवाल्या सर्व्हरचे सहा डॉलर केले. पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा काका बोलले नव्हते, पण या एका डॉलरवर त्यांनी गच्चीत जमलेल्या मंडळींना अर्धा तास सुनावलं. शिवाय वर १८ टक्के जीएसटी, बँकेचा परकीय चलनाचा आकार, आणि आयपी पत्त्याचे काही ठिकाणी वेगळे पैसे. कारण जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. आता मिळतात ते बहुतेक वापरलेले. आधीच्या भाडेकरूने त्या पत्त्यावरून स्पॅम पाठवले असतील तर तुमच्या नाट्यसंस्थेचं निमंत्रणही थेट कचऱ्यात. नाट्यसंस्था निमंत्रणं पाठवत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

मग अंतर. मुंबईतल्या सर्व्हरला पुण्याहून हाक मारली की पाच-दहा मिलिसेकंदांत ओ येते, सिंगापूरहून साठेक, जर्मनीहून सव्वाशे-दीडशे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. तरी काका जर्मनीवर फिदा आहेत, कारण तेवढ्याच पैशांत तिथे दुप्पट मिळतं. सॅक्सनीतल्या फाल्केनस्टाइन या गावाचं हवामान ते रोज बघतात. तिथे उन्हाळा कडक असला की त्यांना सर्व्हरची काळजी वाटते. खुद्द पुण्यात ते पंखासुद्धा दोनवर ठेवतात.

सपोर्ट कसा आहे हे तपासायची काकांची पद्धत मला मनापासून पटते. सर्व्हर घेण्याआधीच, रविवारी रात्री दोन वाजता, एक बावळट प्रश्न पाठवायचा. उत्तर किती वेळात येतं, माणसाने लिहिलं आहे की यंत्राने, आणि प्रश्न बावळट आहे हे ते सभ्यपणे सांगतात का, या तिन्हीला गुण. अनमॅनेज्डमध्ये कंपनी तुमचं सॉफ्टवेअर दुरुस्त करून देणार नाही, ते ठीक. पण डिस्क मेली किंवा नेटवर्क गेलं तर जागं कोण आहे, ते आधी कळलेलं बरं.

काका सगळ्यात जास्त भाळले होते ते सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू राहण्याच्या हमीवर. तो करारनामा त्यांनी छापून आणला. काकू विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावरून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि दोन मिनिटांत कागद खाली ठेवला.

“यात हमी कुठाय?”

“अगं, नव्याण्णव पूर्णांक नऊ!”

“बंद पडणार नाही असं कुठे म्हटलंय? बंद पडलं तर किती द्यायचे तेवढं म्हटलंय. आणि तेही तुम्ही मुदतीत मागितले तर. पूर्वसूचना देऊन बंद ठेवलं तर तेही नाही.”

काकांनी हिशेब केला. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभाच. पुढे सर्व्हर एकदा तीन तास पडला, तेव्हा काकांनी रीतसर दावा ठोकला. पाच डॉलर महिना, महिन्याचे सातशे तीस तास, त्यातले तीन. कंपनीने दोन सेंट जमा केले. काका ती पावती अजून दाखवतात. काकू म्हणतात, दावा मंजूर झाला हेच खूप.

१० मार्च २०२१ च्या मध्यरात्री स्ट्रासबर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचा काही भागही गेला. माणसं सगळी वाचली, डेटा मात्र अनेकांचा गेला. काही जणांचे बॅकअपही त्याच आवारात होते. कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांना आपापली आपत्कालीन योजना अमलात आणायला सांगितलं, आणि अशी काही योजना असते हे बऱ्याच जणांना तेव्हाच समजलं. काकांचं तिथे काहीही नव्हतं, तरी दोन दिवस त्यांचा चेहरा सुतकी. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम काढला: बॅकअप दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या कार्डावर.

‘दुसऱ्या कार्डावर’ ऐकून मी हसलो होतो. पण त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या मासिक रकमांचे नियम बदलले आणि परदेशी कंपन्यांची बरीच बिलं अडकली. यंत्र ठणठणीत, कंपनी ठणठणीत, खात्यात पैसे, आणि टँकरचा हिशेब बंद. तेव्हापासून काका सहा महिन्यांचे पैसे आगाऊ जमा करतात. स्वस्त सर्व्हर बहुधा असल्याच गोष्टींनी मरतात, हे मात्र कुठल्या जाहिरातीत नसतं.

बी विंगमधली एक मुलगी स्पर्धा परीक्षांचे क्लास घेते. तिला साधी वेबसाइट हवी होती. तिने जिन्यात काकांना सहज विचारलं, “काका, कुठला सर्व्हर घेऊ?” काकांनी तिला घरी बसवलं. वाचणारे किती, लिहिणारे किती, डेटाबेस कुठला, सर्व्हरवर शिरायचं एसएसएच किल्लीने की पासवर्डने? पासवर्ड म्हणताच त्यांनी तिला आपला लॉग दाखवला. नवा सर्व्हर चालू झाल्यावर काही मिनिटांतच जगभरचे बॉट दार ठोठावू लागतात: रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, एकेक नाव घेऊन. काका हा लॉग संध्याकाळी चहाबरोबर वाचतात. इतकं जग आपल्या टँकरच्या मागे लागलं आहे याचं त्यांना थोडं सुखच आहे. मुलीने दोन तास ऐकलं, पोहे खाल्ले, आणि घरी जाऊन एका तयार वेबसाइटवाल्याकडे वर्षाचे पैसे भरले. माझ्या मते तिने बरोबर केलं. काका तिच्याशी महिनाभर फक्त मान हलवून बोलत होते.

काकांचा प्रामाणिकपणा असा की साइट कधी, किती वेळ आणि कुणामुळे बंद पडली याची ते वही ठेवतात. कंपनीच्या नावावर त्यात मोजक्या ओळी आहेत. बाकी पानं काकांची. फायरवॉल चालू केली, पण एसएसएचला वाट ठेवायची राहिली आणि स्वतःच बाहेर. साइटचं नव्वद दिवसांचं सुरक्षा प्रमाणपत्र आपोआप नवं होईल म्हणून बसले, झालं नाही. सर्व्हर चारशे दिवस रीबूट न करता चालला म्हणून पेढे वाटले, आणि एका तरुण पोराने विचारलं, “म्हणजे काका, चारशे दिवस कर्नलचे अपडेट लागलेच नाहीत?” त्या पोराला दुसरा पेढा मिळाला नाही.

गेल्या पावसाळ्यात काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस पडद्याकडे बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन: टँकरचा हिशेब उघडत नाही. काका पट्टी बांधून पलंगावर, काकू लॅपटॉपसमोर.

“डीएफ लिही. मग जागा सोड. आडवी रेघ. एच.”

“आडवी रेघ वरची की खालची?”

“मधली!”

डिस्क शंभर टक्के भरली होती. काकांचे रोजचे बॅकअप बाहेर जात होतेच, पण एकेक प्रत मूळ सर्व्हरवरही साठत होती. जानेवारीपासून.

“हे सगळं दुसरीकडे नीट पोचलंय ना?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“कधी उघडून पाहिलंय?”

पलंगावरून उत्तर आलं नाही. काकूंनी आधी बाहेरचा एक बॅकअप उतरवून घेतला, टँकरचा हिशेब त्यात दिसतोय याची खात्री केली, आणि मग पुसायला घेतलं. काका म्हणाले, चांदणी टाक, एका फटक्यात सगळे जातील. काकूंनी साफ नकार दिला. “सरसकट काही नको. एकेक नाव वाचून काढते.” पाऊण तासात साइट चालू झाली. पुसलेल्या फायलींची यादी तारखेसकट वहीत लिहून खाली काकूंची सही.

आता साइट अडकली की सेक्रेटरी काकूंना फोन करतात. काकांनी एक्सेलमध्ये एक नवी ओळ घातली आहे. प्रतिसाद: तत्काळ. बॅकअपची तपासणी: दर महिन्याला. रविवारी रात्री दोनचा बावळट प्रश्न: विचारण्याचं धाडस झालं नाही. फक्त दराचा रकाना कोरा दिसला.

“विचारलं नाहीत का?” मी म्हटलं.

“विचारलं की,” काका म्हणाले. “कोटेशन देते म्हणाली.”