गॅर्युलस म्हणजे गारुडी

आमच्या घरमालकीण आंटींची पहिले सहा महिने ठाम समजूत होती की वरच्या बरसातीतला, म्हणजे गच्चीवरच्या खोलीतला, मराठी मुलगा देवीचा उपासक आहे. पहाटे साडेपाचला गच्चीवर येरझाऱ्या, डोळे अर्धे मिटलेले, ओठांत पुटपुट. कान देऊन ऐकलं तर ‘गॅर्युलस गारुडी, कजोल काजोल, टॅसिटर्न तशीच टर्न’. आंटींनी एकदा त्याच्यापुढे नारळ ठेवला होता. त्याने तो फोडून खाल्लाही.

तो जीआरईच्या तयारीत होता. अमेरिकेतल्या एमएससाठी ही परीक्षा देतात, तिच्यात गणित असतं आणि इंग्रजी असतं. गणिताची चिंता आपल्याकडच्या इंजिनिअरला सहसा नसते. माशी शिंकते ती इंग्रजीत. पुस्तकांतल्या त्या याद्या, एकेक तीन-साडेतीन हजार शब्दांची, आणि त्यातले निम्मे खुद्द इंग्रजांनीही आजीच्या तोंडून ऐकलेले. आम्ही त्याला शब्दोबा म्हणायचो. विट्याकडचा मुलगा. नोकरी पत्करायची आणि परीक्षेसाठी सोडायची, असं त्याने दोनदा केलं होतं. दिल्लीत, पहाडगंजच्या चुनामंडीतल्या त्या बरसातीत तो तीन वर्षं राहिला. मी खालच्या मजल्यावर, त्यामुळे त्याचे शब्द आधी छतातून ठिबकायचे.

पाठ करायची त्याची पद्धत मात्र अस्सल होती. प्रत्येक इंग्रजी शब्दाला तो एक मराठी नातेवाईक शोधून द्यायचा. गॅर्युलस म्हणजे बडबड्या. गारुडी कधी गप्प बसलाय? कजोल म्हणजे गोडीगुलाबीने वळवणं. तिथे काजोल हसली की काम फत्ते. टॅसिटर्न म्हणजे अबोल : ती दिसली, बोलली नाही, तशीच टर्न घेऊन गेली. ऑब्ड्युरेट, हटवादी, म्हणजे ओबडधोबड माणूस. अबेट म्हणजे ओसरणं : ‘आबा ते! किती वेळ रागावतील?’ हे आबा त्याचे खरेच आजोबा, आणि ते ओसरायला दोन दिवस घ्यायचे.

या पद्धतीने एकदा दगा दिला. ‘बनाल’ला त्याने बनेल जोडला आणि सराव परीक्षेत एका बिचाऱ्या रटाळ, घासून गुळगुळीत झालेल्या कल्पनेला लबाड ठरवून आला. संध्याकाळी तो सुतकात असल्यासारखा बसला होता. मी म्हटलं, एक शब्द चुकला, त्यात काय एवढं? ‘दादा,’ तो म्हणाला, ‘बनेल निघाला तो शब्दच.’

पहिलं वर्ष तर त्याचं फुकटच गेलं. दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून (२०१९पासून तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटात भरतो) त्याने एक जाडजूड मार्गदर्शक उचललं होतं, वजनाच्या भावात. त्यातले विरुद्धार्थी शब्द त्याने वर्षभर घोकले. मग कोणीतरी सांगितलं की विरुद्धार्थी शब्द आणि त्या ‘अमुकाला तमुक तसं तमुकाला काय’ या जोड्या २०११ सालीच परीक्षेतून गेल्या. त्याच वर्षी आठशेचे गुण जाऊन १३० ते १७०ची पट्टी आली. ही पट्टी मला फार आवडते. पेपर पार बिघडला तरी १३० मिळतात, जणू येण्याजाण्याचं भाडं.

आता परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या, उतारे वाचायचे, आणि एक खास प्रकार : सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच व्हावा. एक बरोबर आणि एक चूक आला तर अर्धा गुणही नाही. या प्रकाराने शब्दोबाच्या रोजच्या जगण्यात शिरकाव केला. भाजीवाल्याकडे तो दोन भाज्या घ्यायचा, चवीला सारख्या. सीताराम दीवानचंदकडे तेवढं त्याला निवांत वाटायचं, कारण तिथे छोले-भटुऱ्यांखेरीज निवड करायची फारशी वेळ येत नाही.

उताऱ्यांचा परिणाम त्याहून वाईट. आईचा फोन आला की ठेवल्यावर तो विश्लेषण करायचा. ‘शेजारच्या पिंटूच्या लग्नाचा उल्लेख तिने दुसऱ्या परिच्छेदात का केला असेल? माहिती द्यायला, की आधीच्या विधानाला बळकटी द्यायला? आणि एकूण सूर? वरून तटस्थ, आतून नाराज.’ मला त्यात कोडं काही दिसायचं नाही. पोरगा सत्ताविसाचा झाला, एवढाच तो उतारा होता.

दुपारी तो रामकृष्ण मिशनच्या वाचनालयात बसायचा. तिथून परतताना मेन बाजारात त्याला एक ब्रिटिश बाई भेटली. पाठीवर हा एवढा बोजा, चेहरा लालबुंद. तिने याला हॉटेलचा पत्ता विचारला आणि वर म्हणाली की मी नॅकर्ड आहे. शब्दोबा जागीच थिजला. तो शब्द त्याच्या यादीत नव्हता. याची डोक्यातली अकारविल्हे शोधाशोध चालू असताना ई-रिक्षावाला पुढे झाला, ‘कम मॅडम, टायर्ड, सिट, नो प्रॉब्लेम,’ आणि घेऊन गेलासुद्धा. पहाडगंजातली पोरं हिब्रूत घासाघीस करतात, रशियनमध्ये आकडे सांगतात, आणि व्याकरण कोणत्याच भाषेचं मोजत नाहीत. शब्दोबा घरी आला, साडेतीन हजार शब्द पुन्हा चाळले, आणि रात्री अकराला जिना उतरून निकाल देऊन गेला : ‘बाईंचं इंग्रजी कच्चं होतं.’

तुम्ही म्हणाल, परीक्षा दिली की नाही? तारीख तो घ्यायचा. फी २० हजारांवर, ती भरायचा. पण चार दिवस आधीपर्यंत वरचे पैसे मोजून तारीख पुढे ढकलता येते, हा नियम त्याला सगळ्या शब्दांपेक्षा पक्का पाठ होता. मधल्या काळात परीक्षाच आखडली. सप्टेंबर २०२३पासून ती दोन तासांच्याही आत संपते आणि इंग्रजीचे प्रश्न उरले २७, वेळ ४१ मिनिटं. ही बातमी ऐकून दुसरा कोणी नाचला असता. हा खचला. ‘साडेतीन हजार शब्द केले, दादा. सत्तावीस प्रश्नांत कुठे कुठे घालू?’

त्याचे एक चुलतकाका करोलबागेत गलाईच्या धंद्यात. खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला हिंदुस्थानभर पसरली, त्यातले हे. सोळाव्या वर्षी नवी दिल्ली स्टेशनावर उतरले तेव्हा हिंदीही येत नव्हती, आता पंजाबी सराफाशी पंजाबीत भांडतात. एका रविवारी ते पुतण्याला बघायला बरसातीत आले. भिंतीभर चिकटवलेले कागद त्यांनी एक एक करून निरखले, जसा दुकानात आलेला जुना डाग निरखावा. मग म्हणाले, ‘आमच्यात कसं असतंय, मुशीत सोनं घातलं, टाकणखार मारला, वितळलं की घट किती आली ते लगीच कळतंय. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतंय. तुझं तीन वर्षं झाली लेका, मुशीतच हाय. काढ की भाईर एकदा.’

शब्दोबाने मान डोलावली. काका गेल्यावर मला हळूच म्हणाला, ‘तुलना चांगली होती. पण हा प्रकार परीक्षेतून गेला.’

गेल्या पावसाळ्यात त्याच्या मनातल्या विद्यापीठाचा ईमेल आला. करोनानंतर बऱ्याच अमेरिकन विभागांनी जीआरईची अट काढली आहे, त्यात हाही विभाग होता. गुण पाठवू नयेत, पाठवल्यास विचारात घेतले जाणार नाहीत. त्याने ते मला तीनदा वाचून दाखवलं. सूर कोणता, हे मात्र विचारलं नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. अर्ज मात्र केला, रात्री दोन वाजता, आणि त्यातलं इंग्रजी मी वाचलं : साधं, सरळ, एकही यादीतला शब्द नाही.

मला वाटलं, सुटलं एकदाचं. पहाटे साडेपाचला जाग आली ती छतावरच्या पावलांनी. खालून आवाज दिला, ‘अरे, आता कशाला?’

‘दादा, फी भरलीय,’ वरून उत्तर आलं. ‘आणि दोनशे शब्द राहिलेत.’