आमच्या वाटणीचा वळीव

मे महिन्यात हमरापुरात पाऊस पडू नये असं ज्यांना वाटतं त्यांची यादी करायला बसलं, तर गावची मतदार यादीच पुन्हा उतरवून काढावी लागेल. गणपतीच्या कारखानदारांना तो नको असतो, कारण ‘पेणचा गणपती’ म्हणून मुंबई-पुण्याला आणि पार परदेशात ज्या मूर्ती जातात त्यांतल्या कितीतरी आमच्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घडतात आणि मे महिन्यात त्या ओल्या अंगाने सुकत बसलेल्या असतात. पापड लाटणाऱ्या बायकांना तो नको असतो. मिठागरवाल्यांपुढे त्याचं नावही काढायचं नाही. आंबेवाल्यांना नको, पेंढा रचून ठेवणाऱ्यांना नको, दारात मांडव घातलेल्या मुलीच्या बापाला तर अजिबात नको. त्यात 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आमच्या जिल्ह्यातल्या बागा आणि छपरं घेऊन गेलं, आणि तेव्हापासून ‘एखादं छानसं वादळ यायला हवं’ हे वाक्य चारचौघांत म्हणण्याची सोय राहिली नाही.

तरी ते मी म्हणतो. मनातल्या मनात म्हणतो, पण चेहऱ्यावर दिसतं म्हणतात.

हा नाद मला निवृत्तीनंतर लागला. नोकरीत असताना दिवा-रोहा गाडीच्या खिडकीतून ढग दिसायचे, पण तेव्हा डोक्यात गाडीला होणारा उशीर असायचा, ढग नाही. मग एकदम मोकळा वेळ मिळाला, हातात फोन आला, फोनवर उपग्रहाची चित्रं, कुलाब्याच्या रडारची चित्रं आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आलं, आणि ज्या माणसाला घरातला गॅस संपत आलाय हे कधी कळलं नाही तो माणूस सातारा जिल्ह्यात संध्याकाळी काय होणार हे सांगू लागला. माझ्यासारखे आणखी तिघं निघाले: पेणचे एक निवृत्त गुरुजी, रोह्याचे एक मेडिकलवाले आणि नागोठण्याचा एक कॉलेजातला पोरगा. रोज रात्री एकमेकांना फोन करून कुणाकडे किती पाऊस पडला ते आम्ही विचारतो. उन्हाळ्यात हे संभाषण फार लांबत नाही.

आता वळीव आमच्याकडे का येत नाही, हे मला नीट ठाऊक आहे, आणि माझं सगळं दुःख त्या ठाऊक असण्यात आहे. सकाळी जमीन तापते. दुपारी धरमतरच्या खाडीवरून वारा सुटतो, आमच्या अंगावरून जातो, जाताना आमचा सगळा दमटपणा गोळा करून पूर्वेला नेतो आणि सह्याद्रीच्या कड्याला जाऊन आपटतो. तिथे त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं, वर देशावरची तापलेली हवा वाट पाहतच असते, आणि तीन-चार वाजता खंडाळ्याच्या डोक्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहतो. तिथून तो आमच्या दिशेने यायला निघालाच, तरी खाली समुद्रावरून आलेली गारशी, जड हवा पसरलेली असते. तिला उचलून वर नेणं त्या ढगाच्या जिवावर येतं, आणि किनारपट्टीची हद्द लागली की त्याचा दम सुटतो. माथ्यावरचा ऐरणीसारखा पसरलेला भाग तेवढा सरकत सरकत आमच्या आकाशात येतो. त्याने ऊन जातं, वारा पडतो आणि उकाडा दुप्पट होतो. पाणी आमचं, ढग आमच्या वाऱ्याने उभा केलेला, आणि पाऊस पडतो कुठे, तर पुण्यात आमच्या चिरंजीवांच्या बाल्कनीत. तो लगेच व्हिडिओ कॉल करून दाखवतो. पुण्याला गारा, आम्हाला घाम.

म्हणून मी गच्चीवर तयारी करून ठेवली. म्हणजे पाऊस आलाच तर निदान त्याची दफ्तरी नोंद व्हावी. हवामान खात्याचं पर्जन्यमापक घेण्याची माझी इच्छा हिने किंमत ऐकून तिथल्या तिथे निकालात काढली, तेव्हा मी पाण्याची दोन लिटरची बाटली वरून कापली, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळं केलं, बुडाशी खडे टाकले, चिरंजीवांची शाळेतली पट्टी चिकटवली, आणि शून्याची खूण गाठेपर्यंत पाणी ओतलं. शास्त्र असं की भांड्याचं तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असेल, तर आत जितके मिलिमीटर पाणी चढेल तितकेच मिलिमीटर पाऊस. वाचन सकाळी साडेआठला घ्यायचं, कारण हवामान खातं तेव्हाच घेतं. साडेआठला आमच्याकडे नळाला पाणी येतं, त्यामुळे देशाचं आणि माझं वाचन कधी एका वेळी झालं नाही, ती गोष्ट सोडा.

पहिल्याच आठवड्यात निरभ्र आकाशाखाली अकरा मिलिमीटर पाऊस पडला. मी गुरुजींना फोन केला, गुरुजींनी रोह्याला केला, रोह्याने नागोठण्याला. रात्री अगदी लहानसा, उपग्रहाला न दिसलेला ढग येऊन गेला असावा, असा सिद्धांत दुपारपर्यंत तयार झाला. गुरुजींनी तर तो खाडीवरून आला असणार असं दिशेसकट सांगितलं. संध्याकाळी ही म्हणाली, “काल रात्री टाकी भरून वाहत होती, पंप बंद करायला सांगितलं होतं तुम्हाला.” तो ढग आमचा होता.

पावसाचं असं, तर विजांचं आणखी निराळं. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाज विमानाच्या वेगाने येत असला तरी उजेडापुढे तो मागेच राहतो, त्यामुळे दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा. एका रात्री शेजारच्या गावाच्या दिशेने आकाशात लखलख सुरू झाली. ढग खालून उजळत होते, पांढरे, मग जांभळे. मी हिला उठवलं नाही, कारण मागचा अनुभव ताजा होता. लखलखाट, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि धडाम. म्हणजे दोन किलोमीटर! वहीत लिहिलं. पुन्हा लखलखाट, पुन्हा सहा, पुन्हा धडाम. वादळ पुढेही येत नव्हतं आणि मागेही जात नव्हतं. एका जागी असं ठाण मांडून बसलेलं वादळ हा दुर्मीळ प्रकार असतो, अमेरिकेतले लोक अशा वादळांसाठी शेकडो मैल गाडी हाकतात, आणि मला ते बनियनवर घरच्या गच्चीतून दिसत होतं. मी आकृती काढली, वेळा टाकल्या, रोह्याला मेसेज केला.

मग वादळ गाऊ लागलं.

आगरी हळद होती. डीजेचे दिवे ढगावर पडत होते आणि ठेका बरोबर सहा सेकंदांनी माझ्याकडे पोचत होता. पुढचं गाणं आमच्या ओळखीचं निघालं. खाली येऊन झोपलो, तर ही अंधारात म्हणाली, “किती किलोमीटरवर आहे लग्न?”

आमच्या गच्चीचा अर्धा भाग हंगामात शेजारच्या कारखान्याला मूर्ती सुकवायला दिलेला असतो. त्यामुळे माझं निरीक्षण एकांतात होतं असं नाही. पाटांवर ओळीने बसलेले कच्चे गणपती, कुणाच्या हाताला खालून काडीचा टेकू, कुणाच्या सोंडेवर ओलं फडकं. शाडूची मूर्ती घाईने उन्हात ढकलून चालत नाही, तडा जातो. आधी सावलीत, मग हळूहळू उन्हाच्या कडेला, असं तिला सरकवत न्यावं लागतं. कारखान्यातला पोरगा दर तासाने येऊन एकेक पाट वीतभर पुढे सरकवतो, अंगठ्याने पोटाला हलकेच दाबून बघतो आणि काहीही न बोलता जातो. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी व्हायची असते. म्हणजे मी स्टुलावर उभा राहून पूर्वेकडे फोन रोखून धरलेला असताना समोर एवढा समुदाय बसलेला असतो, पण बघणारं कुणी नसतं. गावात माझ्यासाठी हा एकच प्रेक्षकवर्ग उरला आहे.

स्टूल लोखंडी आहे. ‘दामिनी’ वीज जवळपास पडण्याचा संभव असेल तर सूचना देतं: उघड्यावर थांबू नका, झाडाखाली थांबू नका, धातूच्या वस्तूंपासून लांब राहा, पक्क्या घरात जा. ही सूचना मी लोखंडी स्टुलावर उभा राहून, चष्मा कपाळावर सरकवून वाचत होतो. गुरुजी म्हणाले, वीज पडलीच असती तर निदान नक्की स्थान कळलं असतं. शिक्षकांना विनोद करण्याची मोकळीक निवृत्तीनंतर मिळते.

आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की गावाने माझा उपयोग करायला सुरुवात केली आहे. आधी कारखान्याचे मालक कुतूहलाने विचारत आहेत असं मला वाटायचं. खालून हाक यायची, “काका, आज स्टूल काढलंय का?” मी उत्साहाने म्हणायचो, “काढलंय! खंडाळ्यावर मस्त ढग आहे, रडारवर लाल दिसतोय, आज नक्की!” त्यावर ते मागे वळून ओरडायचे, “टाका रं पोरांनो, समदं बाहेर सुकत टाका!” मी पापडवाल्या वहिनींकडेही तपास केला. त्याही आमच्या गच्चीकडे बघूनच चादर पसरायच्या. हवामान खात्याचा यलो अलर्ट आला की गाव सावध होतं आणि माझा अलर्ट आला की निर्धास्त होतं. आणि खात्याचं काय ते असो, माझा मात्र कधी चुकला नाही.

(2025 ची गोष्ट वेगळी. त्या वर्षी मे महिनाभर पाऊस येत राहिला आणि मान्सूनच 26 मे ला मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख 11 जून. वळवाला आपला असा काही अंक करायला जागाच उरली नाही, कारखान्यांतून मूर्ती सुकता सुकेनात, आणि लोक माझ्याकडे असे बघायचे की मी काही आठवडे मागच्या दाराने ये-जा केली.)

शेवटी आम्ही ठरवलं की वळीव येत नाही तर आपण जावं. गुरुजी मागे बसले, मी स्कूटर काढली आणि पेण-खोपोली रस्त्याला लागलो. ढग समोर होता. इतका भरघोस, इतका पांढरा, की गुरुजी मागून सारखे माझ्या खांद्यावर थापटत होते आणि त्यामुळे स्कूटर रस्ताभर नागमोडी चालली होती. वाटेत ढगाचं बूड काळं पडलं. त्याच्याखाली पावसाचा करडा पडदा स्पष्ट दिसू लागला. गुरुजींनी छत्री उघडली, ती वाऱ्याने उलटी झाली, ती सुलटी करायला थांबलो, मग स्कूटर सुरू होईना, मग झाली तर गुरुजींची टोपी शेतात गेली, ती आणायला ते कुंपणातून गेले आणि परत येताना धोतराचा सोगा कुंपणाला देऊन आले. खोपोलीच्या अलीकडे पोचलो तेव्हा समोरून गार वाऱ्याचा असा एक लोट आला की डोळे, कान, नाक धुळीने भरले. पुढे रस्ता ओला होता. टपरीवरचा माणूस ताडपत्रीवरचं पाणी काठीने ढकलत होता.

“आत्ताच गेला,” तो म्हणाला.

वडापाव खाल्ला. ओल्या मातीचा वास सगळीकडे होता. गुरुजींनी तो डोळे मिटून घेतला आणि म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीने हाही पुरावाच.

परतताना पेणच्या पुढे रस्ता पुन्हा ओला लागला. आधी वाटलं टँकर गळला असेल. मग कडेला डबकी दिसली, मग मोडलेली फांदी, मग कुणाच्या तरी मांडवाचं कापड. आणि मग माझ्या डोक्यात, धुळीने भरलेल्या त्या डोक्यात, सगळं लख्ख झालं. घाटावरच्या वादळातून पावसाबरोबर गार हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे धावत सुटते, ती खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये कुठेतरी धडकते, आणि दोघांच्या झटापटीत नवा ढग उभा राहतो. पुस्तकात हे आकृतीसकट आहे. जो वारा खोपोलीला आमच्या तोंडात धूळ घालून गेला, तोच पुढे हमरापुरावर जाऊन वादळ उभं करून मोकळा झाला होता.

घरी पोचलो तर गल्लीतून अजून पाणी वाहत होतं. ही दारातच म्हणाली, “काय तो गडगडाट! टपोऱ्या गारा होत्या हो! तुम्ही कुठे होतात?” मी उत्तर देत बसलो नाही. चपलांसकट जिना चढलो. माझा वळीव मी पाहिला नसेन, पण मोजणार होतो. बाटली तर होती! पंचवीस? चाळीस? आकडा आला की रोह्याचं तोंड बंद.

गच्ची साफ होती. पाट नाहीत, गणपती नाहीत, पापडांची चादर नाही, स्टूल नाही. कोपऱ्यात जिथे बाटली ठेवली होती तिथे तिच्या बुडाएवढं पांढरं वर्तुळ होतं आणि भोवती तळं. तेवढ्यात जिन्यावरून कारखान्यातला पोरगा धापा टाकत वर आला. चार थेंब पडल्याबरोबर तो आणि त्याचे जोडीदार धावले होते, पाच मिनिटांत सगळा माल खाली नेला होता, एकाही सोंडेला धक्का लागला नव्हता. आणि हातात त्याने माझी बाटली धरली होती, दोन्ही हातांनी, पाट धरावा तशी आडवी न करता.

“काका, तुमचा भांडा पन उचलला,” तो म्हणाला. “भिजला असता ना!”

मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

रात्री रोह्याचा फोन आला. “अहो, हमरापूरला धो धो झाला म्हणे! किती?” वही उघडली. सगळी नोकरी नोंदवह्या भरण्यात गेलेली, त्यामुळे नियम हाताला माहीत आहेत: यंत्रात जे दिसतं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. स्थळ, हमरापूर. पर्जन्यमान, निरंक. शेरा, यंत्र कोरडे व सुस्थितीत.